डेबियन १३ वर गेल्यावर सिसकंट्रोलच्या सेटिंग बूटला का लागत नाहीत: माझा अनुभव

म्हापशातल्या एका ऑफिसचा गेटवे (सगळ्या पीसींना नेट पुरवणारं मशीन) चवथीच्या सुट्टीत डेबियन या लिनक्स सिस्टमच्या आवृत्ती १२ वरून १३ वर नेला. मशीन साधं: दोन नेटवर्क कार्डं, एनएफटेबल्स या फायरवॉलचं नॅट (एकाच जोडणीवर सगळ्यांना नेट देणारी सोय), मागे पंचवीसेक पीसी. सिसकंट्रोल ही कर्नलच्या, म्हणजे सिस्टमच्या गाभ्याच्या, सेटिंग लावणारी कमांड. तिची जुनी सिसकंट्रोल.कॉन्फ ही फाइल बॅकअपमधून ईटीसी या सेटिंगच्या फोल्डरात परत ठेवली, 'सिसकंट्रोल -पी' चालवलं, किमती ओळीने स्क्रीनवर आल्या, सगळ्यांना नेट मिळालं. पुढच्या आठवड्यात पावसात वीज गेली, यूपीएसची बॅटरी उतरली, मशीन परत उठलं तेव्हा गेटवेवर नेट होतं, मागच्या पीसींवर नव्हतं.

एका कार्डावरचं नेट दुसऱ्याकडे पुढे पाठवायचं का हे ठरवणाऱ्या आयपी_फॉरवर्ड या सेटिंगची किंमत पाहिली तर ०, म्हणजे बंद. हाताने -पी दिलं की १, रीबूट केलं की पुन्हा ०.

कारण असं: फाइलचं नाव न देता -पी चालवलं तर ते ईटीसीतली सिसकंट्रोल.कॉन्फ वाचतं. बूटच्या वेळी मात्र किमती लावते सिस्टमडी-सिसकंट्रोल ही सर्व्हिस, आणि डेबियन १३ मध्ये ती ही फाइल वाचतच नाही. १२ मध्ये सिसकंट्रोल.डी फोल्डरात '९९-सिसकंट्रोल.कॉन्फ' नावाची सिमलिंक या फाइलकडे बोट दाखवायची, म्हणून आजवर निभावलं. त्यामुळे -पी यशस्वी झालं याला पुरावा मानू नका. 'सिस्टमडी-अॅनलाइझ कॅट-कॉन्फिग सिसकंट्रोल.डी' चालवा. बूटला खरोखर वाचल्या जाणाऱ्या सगळ्या फाइली ते क्रमाने दाखवतं.

सगळ्या ओळी ईटीसीतल्या सिसकंट्रोल.डीमध्ये '९०-गेटवे.कॉन्फ' या नावाने हलवल्या. शेवटी .कॉन्फ हवंच, नाहीतर फाइल वगळली जाते. फोल्डर कुठलंही असो, क्रम फाइलच्या नावावरून लागतो आणि नंतरची किंमत आधीचीवर मात करते. म्हणून आकडा ९०.

रीबूटनंतर फॉरवर्डिंग आलं, पण एनएफ_कॉनट्रॅक_मॅक्सला (फायरवॉलने एका वेळी किती जोडण्यांची नोंद ठेवायची ती मर्यादा) दिलेली २६२१४४ ही किंमत लागली नाही. या बूटमधल्या सर्व्हिसच्या नोंदी दाखवणाऱ्या 'जर्नलसीटीएल -बी -यू सिस्टमडी-सिसकंट्रोल' मध्ये ओळ होती, अशी फाइलच नाही. बरोबरच आहे: एनएफ_कॉनट्रॅक मॉड्यूल (कर्नलला लागेल तेव्हा जोडला जाणारा भाग) लोड झाल्याशिवाय ती सेटिंग जन्मालाच येत नाही, आणि फायरवॉलचे नियम ते लोड करतात तोवर सिसकंट्रोलची सर्व्हिस आटोपलेली असते. हाताने चालवताना मॉड्यूल आधीच हजर, म्हणून तेव्हा हे कळत नाही. ईटीसीतल्या मॉड्यूल्स-लोड.डीमध्ये एक .कॉन्फ फाइल करून त्यात एनएफ_कॉनट्रॅक एवढंच लिहिलं. मॉड्यूल लोड करणारी सर्व्हिस सिसकंट्रोलच्या आधी चालते, त्यामुळे प्रश्न मिटला.

त्याच जर्नलमध्ये टीसीपी_टीडब्ल्यू_रिसायकलचीही तक्रार होती. ही सेटिंग कर्नल ४.१२ पासून काढूनच टाकली आहे. ओळ पुसली.

एक गोष्ट वेगळीच निघाली. साध्या युजरने पिंग (दुसरं मशीन उत्तर देतं का हे पाहणारी कमांड) केलं की परवानगी नाही, रूटने, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याने, केलं की चालतं. डेबियन १३ मध्ये पिंगला खास अधिकार नसतात, ते कोणत्या ग्रुपच्या युजरना पिंग करता येईल हे ठरवणाऱ्या पिंग_ग्रुप_रेंज या सेटिंगच्या किमतीवर अवलंबून असतं. ती लावणारं लिनक्स-सिसकंट्रोल-डिफॉल्ट्स हे पॅकेज काही अपग्रेडमध्ये आपोआप येत नाही. ते टाकलं, सर्व्हिस रीस्टार्ट केली, पिंग सुरू.

शेवटी मशीन पूर्ण बंद करून उठवलं आणि कशालाही हात न लावता आयपी_फॉरवर्ड, कॉनट्रॅकची किंमत आणि मागच्या एका पीसीवरचं नेट, एवढं तपासलं. तिन्ही जागेवर होतं.