दहा मिनिटं पुढे

बाबांचं एचएमटी जनता घड्याळ कायम दहा मिनिटं पुढे असायचं. बिघडलं म्हणून नव्हे. मालवणला जाणारी सकाळची एसटी चुकू नये म्हणून त्यांनीच ते तसं लावलेलं. गंमत अशी की ती दहा मिनिटं घरात सगळ्यांना ठाऊक होती, स्वतः बाबांनाही. तरी त्यांनी "आठ वाजले!" म्हटलं की पळापळ व्हायची. आई तेवढी चुलीपुढून हलायची नाही. म्हणायची, "त्यातली धा मिन्टां वजा कर."

आता ते घड्याळ माझ्याकडे आहे. पांढरी तबकडी, त्यावर देवनागरीत ‘जनता’. १९६१ मध्ये बंगळूरला सिटिझनच्या सहकार्यानं एचएमटीनं घड्याळं बनवायला सुरुवात केली, आणि पुढे कित्येक घरांत नोकरीचं, लग्नाचं पहिलं घड्याळ तेच आलं. २०१६ मध्ये सरकारनं ती घड्याळ कंपनी गुंडाळायचं ठरवलं तेव्हा बाबांच्या घड्याळाला त्याची वार्ताही नव्हती. रोज सकाळी चावी दिली की ते आपलं चालू. कानाला लावा, सेकंदाला पाच टिकटिक, तासाला अठरा हजार. माझं दुसरं घड्याळ मुलीनं पुण्याहून आणून दिलेलं, स्मार्टवॉच. माझं ब्लडप्रेशर थोडं वर गेलं, त्याची ही शिक्षा. त्यातला क्वार्ट्झचा खडा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो म्हणे, पण कानाला लावलं तर काही म्हणजे काही ऐकू येत नाही.

सुरुवातीला दोन्ही मनगटांवर एकेक बांधून बाजारात गेलो. मासेवालीनं सुरमई तोलता तोलता विचारलं, "दुकान घातलंत काय?" तेव्हापासून वाटणी केली. दिवसा स्मार्टवॉच, संध्याकाळी जनता.

स्मार्टवॉचला कोकण अजून नीटसं कळलेलं नाही. गणपतीत आरतीला टाळ वाजवत एका जागी उभा होतो, तर त्यानं मी दीड हजार पावलं चाललो म्हणून शाबासकी दिली. दुपारी वामकुक्षीत मनगट थरथरतं: ‘उठा, थोडं हला.’ पण खरं सांगायचं तर त्याचा मला राग येत नाही. त्याच्या पोटाखालचा तो हिरवा दिवा नाडीचे ठोके मोजत असतो, आणि एका रात्री त्याच्याच सांगण्यावरून मी डॉक्टरकडे गेलो होतो. निघालं काहीच नाही, पण गेलो.

उलट जनताला इथली हवा सोसत नाही. पावसाळ्यात काचेच्या आतून वाफ धरते. एकदा मी शहाणपणा करून ते तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलं. बाजारातल्या घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावून मागचं झाकण उघडलं आणि चिमट्याच्या टोकावर कोंड्याचा कण धरून मला दाखवला. बोलले काहीच नाहीत. त्याहून मोठा अपमान मला आठवत नाही.

म्हणून कालवं काढायला खाडीवर जाताना मनगटावर नवं घड्याळ असतं आणि जुनं घरी, खिडकीतल्या तांब्याशेजारी. पाणी, चिखल, खार, सगळं नव्यानं सोसायचं. त्यात भरती-ओहोटी दाखवणारं ॲपही आहे. पण मी आधी बाबांचा हिशेब करतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. द्वितीयेला दीड वाजता भरती, म्हणजे सकाळी पावणेआठच्या आसपास पाणी ओसरून खडक उघडे. मग ॲप बघतो. पंधरा-वीस मिनिटांचा फरक निघतो, तेवढा चालतो. घड्याळ पुढे ठेवून एसटीला फसवू पाहणारे बाबा समुद्राच्या वेळेत कधी मिनिटाचीही लबाडी करत नसत, हे मात्र मला फार उशिरा लक्षात आलं.

एक खटकतं. हे स्मार्टवॉच मला पुढे लावता येत नाही. ते मोबाइलकडून वेळ घेतं आणि तीच दाखवतं. सेटिंगमध्ये शोध शोध शोधलं. मुलगी म्हणाली, "बाबा, बरोबर वेळ दाखवतंय ना, मग पुढे कशाला हवं?" तिला काय सांगणार.

परवा आईला तालुक्याला न्यायचं होतं. आई आता ब्याऐंशीची. पडवीत बसून ती पिशवीत सोलं भरत होती. तिनं विचारलं, "किती वाजले रे?" मी मनगट उचलून बघितलं. "आठ."

"मग आसत धा मिन्टां," म्हणत तिनं पिशवीची गाठ सोडली आणि सोलं पुन्हा एकेक करून निवडायला घेतली. खाली वळणावर एसटीचा हॉर्न वाजला.