बॉस्टनमधले सात डॉलर

बॉस्टनचे चार दिवस लेकीच्या मैत्रिणींकडची जेवणं, खरेदी आणि पाऊस यांत संपले. हार्वर्ड पाहिलं, पाय दुखले. लक्षात राहिला तो बीकन स्ट्रीटवरचा पाऊण तास.

तिकोनी टोपी घातलेल्या एका गाईडमागून आमची वरात चालली होती. स्टेट हाउसचा सोनेरी घुमट दिसला आणि सगळ्यांचे फोन तिकडे वळले. रस्त्याच्या अलीकडे अमेरिकेच्या यादवी युद्धात लढलेल्या ५४व्या मॅसॅच्युसेट्स रेजिमेंटचं ब्राँझचं स्मारक. त्याच्या वाट्याला जेमतेम तीन मिनिटं आली. घोड्यावर रेजिमेंटचा गोरा प्रमुख कर्नल शॉ, १८६३, शत्रूच्या वॅग्नर किल्ल्यावर हल्ला, चला पुढे. मी आणि लेक मागेच राहिलो. "अहो, पैसे भरलेत!" इति सौ.

घोडेस्वार आपल्याकडे चौकाचौकांत, त्यामुळे पहिला फोटो मीही घोड्याचाच काढला. मग त्याच्या बाजूने चालणारे काळे सैनिक दिसले. पाठीवर गुंडाळलेली घोंगडी, खांद्यावर बंदूक. एक चांगला दाढीवाला, तर पुढच्या ढोलवाल्या पोराला मिसरूडही फुटलेलं नाही. एकाचा चेहरा दुसऱ्यासारखा नाही. सेंट-गॉडन्स या शिल्पकाराने खरी माणसं समोर बसवून हे चेहरे घडवले. चौदाएक वर्षं घेतली, १८९७ साली अनावरण झालं.

लेकीने फोनवर वाचून पगाराचं सांगितलं. या काळ्या सैनिकांना कबूल केले महिना १३ डॉलर, देऊ केले १०, त्यातून कपड्यांचे ३ कापून हातात ७. गोऱ्या शिपायाला मात्र पुरे १३. यांनी पगारच नाकारला. राज्य सरकार म्हणालं, फरक आम्ही भरतो. तोही नको. वॅग्नरवरचा हल्ला झाला, माणसं पडली, दीड वर्ष बिनपगारी गेलं. जेम्स हेन्री गुडिंग या कॉर्पोरलने थेट लिंकनला पत्र लिहून विचारलं, आम्ही सैनिक आहोत की मजूर? समान पगाराचा कायदा झाला जून १८६४ मध्ये. गुडिंग तेव्हा शत्रूच्या अँडरसनव्हिल तुरुंगात होता. जुलैत तिथेच वारला.

मला आमचे अण्णा आठवले. १९७७-७८चा राज्य कर्मचाऱ्यांचा संप, तोही नेमका ५४ दिवसांचा. आई वाण्याकडून वहीवर सामान आणायची. "कामावर जा, मिळतंय ते घ्या," असं कुणी म्हटलं की अण्णा ताटावरून उठायचे. तुलना नको, कळतं. अण्णांवर कुणी गोळ्या झाडत नव्हतं. पण दोन महिन्यांत आमच्या घराची जी दशा झाली, त्यावरून दीड वर्षाचा हिशेब मांडून पाहिला आणि घशाला कोरड पडली.

वळसा घालून मागे गेलो. मूळ स्मारकावर मेलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांचीच नावं होती. काळ्या सैनिकांची कोरली १९८२ साली, तीही पाठीमागे. म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसायलाच नकोत! तिथे आम्ही दोघं आणि सँडविच खाणारा एक माणूस. वॅग्नरवर जखमी होऊनही झेंडा खाली पडू न देणारा विल्यम कार्नी पुढे समोरच्याच स्टेट हाउसमध्ये निरोप्या होता. त्याला मेडल ऑफ ऑनर, म्हणजे तिथलं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळालं १९००मध्ये. ३७ वर्षांनी.

तेवढ्यात सौ. गाईडला सोडून, कॉफी घेऊन परत आली. लेकीने तिला सगळं सांगितलं. ती नावांवरून बोट फिरवत राहिली, मग म्हणाली, "अण्णांचा तो पगार मिळाला का हो शेवटी?"

"ते अण्णांनाच ठाऊक. वाण्याची वही मात्र आई पुढच्या दिवाळीपर्यंत फेडत होती."