पर्वतीवरची खिडकी

नोव्हेंबर लागला की गुडघे कितीही कुरकुरले तरी माझी पर्वतीची एक फेरी होतेच. परवा नातवाला घेऊन गेलो. दुसऱ्या बाजीरावाने खडकीची लढाई जिथून पाहिली म्हणतात, त्या खिडकीशी त्याला उचलून धरलं. "आजोबा, लढाई कुठाय?" समोर नुसत्या इमारती आणि धुरकट हवा.

५ नोव्हेंबर १८१७. खाली बापू गोखले फौज घेऊन उभे, आणि पेशव्याचा निरोप निघाला, की पहिली तोफ आपल्याकडून सुटू देऊ नका. निरोप्या येताना दिसला, बापूंनी काय ते ताडलं आणि तो पोचायच्या आत तोफा सुरू केल्या. मी सतरा वर्षं पलटणीत काढली. वरच्याचं मन डळमळीत असलं की खाली उभ्या असलेल्या माणसाचं काय होतं ते मला ठाऊक आहे. हा प्रसंग वाचताना पोटात कालवतं.

हरला म्हणून मी बाजीरावाला बोल लावत नाही. हार कुणालाही येते. माझा राग आहे तो पुढच्या सात महिन्यांवर. फेब्रुवारी १८१८ मध्ये अष्टीला इंग्रजांनी गाठलं, तेव्हा हा घोड्यावर बसून निघून गेला. बापू थोडे स्वार घेऊन उलटे फिरले आणि तिथेच पडले. मे महिन्यात रायगड गेला, तेव्हा याची बायको वाराणसीबाई गडावर होती. आणि ३ जूनला असीरगडाजवळ हा इंग्रज सेनानी माल्कमच्या स्वाधीन झाला, सालीना आठ लाखांच्या बोलीवर.

न्यायाने बोलायचं तर त्याने फक्त स्वतःचं पाहिलं नाही. त्याच्यापायी बुडालेले जहागीरदार, जुने आश्रित, ब्राह्मण, देवस्थानं, यांच्यासाठीही त्या बोलण्यात शब्द घेतला होता. पण शिपाई? काही दिवसांतच त्याच्याच छावणीतल्या अरबांनी थकलेल्या पगारासाठी त्याच्या तंबूला वेढा घातला. सोडवायला माल्कमलाच फौज घेऊन यावं लागलं.

मी भरती झालो तेव्हा घरी मनीऑर्डर जायची. पोस्टमनला उशीर झाला की आई उंबऱ्यात येऊन बसायची, हातातलं निवडणं तसंच ठेवून. म्हणून त्या अरबांना मला बंडखोर म्हणवत नाही. ज्याच्यासाठी त्यांनी रानोमाळ पायपीट केली त्याने तहाला बसताना आधी त्यांचा हिशोब मिटवायचा होता, मग स्वतःच्या आठ लाखांचं बोलायचं होतं. तलवार खाली ठेवायचा हुकूम देणाऱ्याचं ते पहिलं काम. ते त्याने केलं नाही, आणि पुढे १८५१ पर्यंत बिठूरला जगला.

पायऱ्या उतरताना नातू म्हणाला, "मग तो राजा पळून गेला?"

"राजा नव्हता रे तो, पेशवा होता. राजा साताऱ्याचे छत्रपती. त्यांना तो अष्टीलाच मागे सोडून गेला."