गोराईला जाऊन आलो: लोखंड थांबलं, पाणी चालू आहे

सगळ्यात आधी कामाचं. मुंबईत गोराईचं एस्सेलवर्ल्ड, म्हणजे पाळण्यांचं पार्क, गेली काही वर्षं बंद आहे. शेजारचं वॉटर किंगडम हे पाण्याचं पार्क आणि ग्लोबल विपश्यना पगोडा हे ध्यानाचं स्थळ चालू आहेत. हे मुद्दाम वरच लिहितोय, कारण सुट्ट्या लागल्या की आमच्या सोसायटीत कोणी ना कोणी पोरांना "चला, रोलर कोस्टरमध्ये बसवून आणतो" असं कबूल करून बसतं आणि मग जेट्टीवर रडारड होते. मुलांना कोस्टरच हवा असेल तर हा लेख खालच्या भागापासून वाचा. तिथे खोपोलीचं सांगितलंय.

आमचं मात्र ठरवूनच होतं. भाची मेकॅनिकल इंजिनिअरिंगला आहे. तिला जुन्या कोस्टरचं पुढे काय होतं यात रस, आणि मला खाडीची बोट आवडते. १९८९ साली ते पार्क सुरू झालं तेव्हा मुंबईच्या मराठी घरांत वर्षातून एकदा "एस्सेलवर्ल्ड" हा सणच असायचा. शाळेची सहल, कंपनीची पिकनिक, गावाहून आलेले पाहुणे, सगळ्यांना तिकडेच न्यायचं. आजच्या कॉलेजच्या मुलांना त्याची जाहिरात माहीत असते, पार्क नाही.

जायचं कसं. बोरिवली स्टेशनला पश्चिमेला उतरा, मेट्रोने येत असाल तर बोरिवली पश्चिम. तिथून रिक्षा किंवा बेस्टची बस धरून गोराई खाडीची जेट्टी गाठा. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: जेट्टीवरून सगळ्या बोटी एकाच ठिकाणी जात नाहीत. गोराई गावाकडे जाणारी फेरी वेगळी आणि पगोडा-पार्कच्या बाजूची वेगळी. तिकीट काढायच्या आधी तोंडाने विचारा, "ही पगोड्याला ना?" नाहीतर गावात उतराल आणि मग टमटम शोधत बसाल. गावची फेरी दुचाकीसुद्धा घेते, त्यामुळे स्कूटरवाल्यांची तिथे गर्दी असते. मालाडहून येणाऱ्यांना मार्वेची जेट्टी जवळची. गाडी घेऊनच यायचं असेल तर भाईंदर-उत्तनमार्गे रस्ता आहे. लांबचा आहे पण आजी-आजोबा बरोबर असतील तर तोच बरा, कारण ओहोटीला बोटीत चढता-उतरताना पायऱ्यांवर शेवाळ असतं. पावसाळ्यात बोटींचं वेळापत्रक भरवशाचं नसतं. निघण्याआधी भरती-ओहोटी बघून घ्या. रविवार टाळता आला तर टाळा.

खाडी ओलांडायला फार वेळ लागत नाही. समोर तिवरं, त्यांच्यावर पगोड्याचा सोनेरी कळस, आणि बोटीत डोंबिवलीहून आलेलं एक मोठं कुटुंब, ज्यांच्याकडे पाण्याच्या बाटल्यांपेक्षा भाकरवडीचे पुडे जास्त होते. आमच्या शेजारी एक काका बसले होते. गोराई गावचेच. उभी हयात जत्रांतल्या आणि पार्कांतल्या पाळण्यांच्या देखभालीत गेलेली. भाचीने कॉलेजच्या बॅगेवरचा बिल्ला दाखवत ओळख काढली आणि पुढे मला बोलायला जागाच उरली नाही.

"काका, कोस्टर म्हातारा झालाय हे कळतं कसं?"

"आवाजावरनं," काका म्हणाले. "सकाळी रिकामी गाडी सोडायची. मग वाळूच्या गोण्या घालून सोडायची. डोळे मिटून ऐकायचं. चाक खराब असलं तर ते सांगतंय. पण तडा सांगत नाय, बाय. तडा गप असतो."

त्या एका वाक्यावर ती परत येईपर्यंत बोलत होती, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कोस्टरचा डबा रुळाला तीन बाजूंनी धरून असतो. वरच्या चाकांवर वजन, बाजूच्या चाकांवर वळणातला रेटा, आणि रुळाच्या खालून लागणारी चाकं डबा उडून जाऊ नये म्हणून. या चाकांवर पॉलियुरेथेनचा थर असतो, तो झिजतो आणि बदलता येतो. साखळी बदलता येते, ब्रेकचे पॅड बदलता येतात, कंट्रोल पॅनेल नवं बसवता येतं. चढावर जो कट-कट-कट आवाज येतो, तो साखळीचा नसतो. साखळी तुटली तरी गाडी मागे घसरू नये म्हणून खाचांमध्ये अडकत जाणाऱ्या खटक्याचा असतो. भीती वाटावी म्हणून ठेवलाय असं वाटतं, पण तोच आपल्याला राखत असतो. हे सगळे भाग झिजायचे म्हणूनच बनवलेले असतात.

खरा प्रश्न रूळ आणि खांबांचा. प्रत्येक फेरीत पोलाद किंचित वाकतं आणि परत येतं. असं लाखो वेळा झालं की वेल्डच्या कडेला केसाएवढी भेग सुरू होते. रंगाखाली ती दिसत नाही. म्हणून रंग खरवडून तपासणी करावी लागते: कधी चुंबकीय भुकटी टाकून, कधी भेगेत शिरणारा रंगद्रव लावून, कधी अल्ट्रासाउंडने. त्यात आपल्याकडे खाडीची हवा. मिठाने पोलादावर गंज धरतो, गंजाच्या खड्ड्यातून भेग लवकर फुटते. काकांच्या भाषेत, "खाडीकाठी लोखंड ठेवायचं म्हणजे घरात दुभती म्हैस ठेवल्यासारखं, एक दिवस सुट्टी नाय."

तरीही सगळे कोस्टर तडे जाऊन थांबत नाहीत. पुष्कळदा हिशेबच बसत नाही. सुटा भाग हवा असतो, आणि तो बनवणारा कारखानाच उरलेला नसतो. १९५९ मध्ये डिस्नेलँडचा मॅटरहॉर्न, म्हणजे नळीच्या पोलादी रुळांचा पहिला कोस्टर, बनवणारी अ‍ॅरो ही अमेरिकन कंपनी २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि दुसऱ्या कंपनीने विकत घेतली. मग एखादा भाग पाहिजे तर तो मापं घेऊन घडवायचा, पुन्हा तपासून घ्यायचा, आणि तेवढे दिवस पाळणा बंद. तेवढ्या पैशात पार्कवाला नवं काहीतरी उभं करतो, ज्याची जाहिरात करता येते. जुन्या कोस्टरला ग्रीस लावलं म्हणून कोणी होर्डिंग लावत नाही.

आणि वय हेच कारण असतं असंही नाही. न्यू जर्सीच्या सिक्स फ्लॅग्समधला किंगडा का हा १३९ मीटर उंचीचा, जगातला सर्वांत उंच कोस्टर होता. २००५ चा, म्हणजे तसा तरुणच. नोव्हेंबर २०२४ मध्ये तो थांबला, आणि थांबल्यानंतर पार्कने जाहीर केलं की आता कायमचाच. शेवटच्या फेरीची रांगसुद्धा लागू दिली नाही. २८ फेब्रुवारी २०२५ ला स्फोटकं लावून पाडला. याच्या उलट ओहायोतल्या सीडर पॉइंटचा मीन स्ट्रीक: १९९१ चा लाकडी सांगाडा, २०१६ मध्ये रीतसर निरोप देऊन बंद केला, मग त्याच सांगाड्याचा आधार घेऊन वर पोलादी रूळ टाकले आणि २०१८ मध्ये स्टील व्हेंजन्स नावाने तो परत उभा राहिला. बसणाऱ्यांच्या मते पहिल्यापेक्षा कितीतरी सरस.

आपल्याकडे असा पुनर्जन्म क्वचित. दिल्लीचं अप्पू घर १९८४ ला सुरू झालं, २००८ ला बंद झालं, प्रगती मैदानाची ती जागा दुसऱ्या कामाला लागली. आपल्या जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवरचं फँटसी लँड किती जणांना आठवतं? शहराच्या आत पाळण्याला जागा लागते आणि जागेला भाव असतो. पाळणा दिवसाला काही तास चालतो, पावसात थांबतो. भाव मात्र पावसातही वाढतो.

गोराईत उतरल्यावर मला जे जाणवलं ते यापेक्षा थोडं वेगळं होतं. इथे दोन्ही पार्क शेजारी-शेजारी. एकाचं फाटक बंद, दुसऱ्यापाशी रांग. वॉटर किंगडम १९९८ चं, म्हणजे तेही काही नवं नाही. मग पाणी का टिकलं? माझा अंदाज असा: जुन्या कोस्टरच्या एका गाडीत मूठभर माणसं बसतात. बाकीची रांगेत उन्हात उभी, आजी बाकावर पिशव्या सांभाळत, धाकटा उंचीच्या पट्टीखाली अडकून भोकाड पसरलेला. लाटांच्या तलावात मात्र सगळं खानदान एकाच वेळी उतरतं. आजीसुद्धा सलवार-कमीज सावरत गुडघाभर पाण्यात येते. मे महिन्याच्या मुंबईत माणसाला उलटं टांगून घ्यायचं नसतं, त्याला भिजायचं असतं. घसरगुंडी फायबरची असते, तिच्यावर येणारा ताण वेगळा, तिला लागणारी माणसं वेगळी. थराराचा बाजार मुंबईत कधी फार मोठा नव्हताच, सहलीचा होता, असं मला वाटतं. भाचीला हे पटलं नाही. "मामा, तुम्हाला चक्कर येते म्हणून तुम्ही असं म्हणता," असं तिचं मत.

वॉटर किंगडमसाठी थोडक्यात: तिकीट ऑनलाइन काढा, आठवड्याच्या मधल्या दिवशी जा, उघडायच्या वेळेला दारात असा. सुती कपड्यात पाण्यात सोडत नाहीत. नायलॉन किंवा लायक्राचा पोशाख घरून न्या, भाड्याने घ्यायची वेळ आणू नका. लॉकरमध्ये मोबाइल ठेवण्याआधी एकमेकांना भेटायची जागा आणि वेळ ठरवा. सनस्क्रीन लावा, दुपारी बारा ते तीन फरशी तापते, रबरी चपला हव्यात. जेवण बाहेरून नेता येत नाही असं धरूनच निघा.

पगोडा चुकवू नका, आणि तो पार्कच्या आधी बघा, ओल्या केसांनी नंतर नको. २००९ मध्ये तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. घुमटाच्या आत एकही खांब नाही आणि सुमारे आठ हजार माणसं ध्यानाला बसू शकतात. दगड एकमेकांत अडकवून रचलेत. भाची मान वर करून बराच वेळ उभी होती. आतल्या दालनात फक्त विपश्यनेचं शिबिर केलेल्यांना प्रवेश, बाकीच्यांनी काचेआडून बघायचं. प्रवेश फुकट आहे. पाहुण्यांसाठी आनापानाचं, म्हणजे श्वासाकडे लक्ष देण्याच्या ध्यानाचं, छोटं सत्र असतं, तेवढं बसून घ्या.

आता ज्यांना कोस्टरच हवाय त्यांच्यासाठी. ठाण्याला मानपाड्याच्या बाजूला टिकुजीनी वाडी आहे. लहान मुलांना आणि पहिल्यांदा बसणाऱ्यांना तेवढं पुरतं. पण खरा कोस्टर म्हणजे खोपोलीजवळचा इमॅजिका. २०१३ च्या एप्रिलमध्ये अ‍ॅडलॅब्ज इमॅजिका म्हणून सुरू झालेलं हे पार्क २०२२ पासून मालपाणी समूहाकडे आहे. तिथला नायट्रो हा बॉलिगर अँड मॅबिलार्ड या स्विस कंपनीचा. उंची सुमारे ४० मीटर, वेग ताशी १०५ किलोमीटरच्या आसपास, पाच वेळा उलटा. बसल्यावर पायाखालची जमीन खाली निघून जाते आणि पाय मोकळे लोंबकळतात. अंधारातला डीप स्पेस वेगळ्या जातीचा: तिथे साखळीचा चढ नाही, एकदम ढकलून देतात.

लोकलने गेलात तर कर्जतहून खोपोलीच्या गाड्या कमी असतात, वेळ बघून निघा. स्टेशनवरून पालीच्या रस्त्याने पुढे रिक्षा करावी लागते. स्वतःची गाडी किंवा चार जणांत मिळून केलेली टॅक्सी सोयीची. परतीची रिक्षा आधीच ठरवा, संध्याकाळी सगळे एकदम बाहेर पडतात.

दार उघडलं की फोटो काढत बसू नका, तडक नायट्रोकडे जा. पहिल्या तासात रांग लहान असते, दुपारी ती वाढते. नाश्ता हलका, पण उपाशीही नको. रिकाम्या पोटी जास्त मळमळतं. चष्म्याला दोरी, खिसे रिकामे, चपला घट्ट. मुलांची उंची घरीच मोजून न्या आणि अट पार्कच्या संकेतस्थळावर बघून ठेवा, दारात वाद घालून उंची वाढत नाही. मानेचा, पाठीचा, हृदयाचा त्रास असेल किंवा गरोदर असाल तर खाली उभं राहून हात हलवा. जोराचा पाऊस किंवा वीज असली की मोठे पाळणे थांबवतात, आणि थांबवायलाच हवेत, त्यामुळे जून-जुलैत गेलात तर कोस्टरच्या भरवशावर जाऊ नका.

आणि जागा निवडायला मिळाली तर: पुढच्या ओळीतून दृश्य दिसतं, मागच्या ओळीत झटका मिळतो, कारण पुढचे डबे उतारावर गेले की ते मागच्यांना माथ्यावरून ओढून नेतात. भाचीला शेवटची ओळ हवी असते. दिवाळीनंतर खोपोलीला जायचं ठरलंय, मला मधली चालेल.