उशिरा बोलणाऱ्या मुलाची शब्दवही

दोन वर्षांचं मूल फारसं बोलत नसेल, तर ते काय काय बोलत नाही याची यादी घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ असते. 'पाणी' म्हणत नाही, 'आजी' म्हणत नाही, शेजारची मुलगी त्याच्याहून लहान आणि ती तर गाणी म्हणते. ते काय काय बोलतं याची यादी मात्र कुणाकडेच नसते. माझा सगळा आग्रह या दुसऱ्या यादीसाठी आहे. साधी शंभर पानी वही घ्या, मूल दिवसभर जिथे असतं तिथे ती ठेवा आणि पेन दोऱ्याने बांधून टाका, म्हणजे शोधाशोध होत नाही. मुलाचं कौतुक नेमकं करायचं तर ही वही हवी. उद्या तज्ज्ञाकडे जायची वेळ आली, तर तिथेही सगळ्यात जास्त हीच कामाला येते.

पानावर चार रकाने आखा: तारीख, मुलाने केलेला उच्चार जसाच्या तसा, त्याचा अर्थ, आणि तेव्हा काय चाललं होतं. 'पापा – पाणी – माठाकडे बोट दाखवून' एवढं पुरे. उच्चार सुधारून लिहू नका. 'पापा'चं 'पानी' कधी झालं आणि 'पाणी' कधी झालं, हे नंतर त्याच रकान्यात दिसतं.

शब्द कशाला म्हणायचं, इथे बहुतेक घरं अडतात आणि मोजणी निम्म्यावर येते. उच्चार स्पष्ट असायला हवा अशी अट मुळीच नाही. मुलाने तो आवाज स्वतःहून काढला, दर वेळी त्याच अर्थाने काढला आणि निदान तीन वेगवेगळ्या प्रसंगी काढला, की तो शब्द झाला. 'भू भू', 'माऊ', 'काऊ', 'हम्मा', 'मंमं', 'भूर', 'बाप्पा' हे सगळे शब्दच आहेत, ते बिनदिक्कत मोजा. मराठी घरांतली ही बाळबोली मला फार मोलाची वाटते. तिच्यात प, ब, म, भ असे ओठांवरचे सोपे आवाज असतात, तोच तुकडा दोनदा येतो, आणि मुलाला नेमकं तेच लवकर जमतं. 'बोबडं बोलू नका, मुलाला सवय लागेल' असं सांगून आजीला गप्प करू नका. आजी 'माऊ आली' म्हणू दे, तुम्ही 'हो, मांजर आली' म्हणा. मुलाला दोन्ही मिळतात.

न मोजायच्या गोष्टीही आहेत. मोबाईलवर ऐकून मूल ए टू झेड म्हणतं, वीसपर्यंत आकडे म्हणतं, रंगांची इंग्रजी नावं सांगतं, पण तहान लागली की हात धरून फ्रिजपाशी ओढत नेतं. हे पाठांतर वेगळ्या पानावर लिहा. स्मरणशक्ती चांगली आहे हे त्यातून नक्की कळतं. पण कुणाला तरी काहीतरी सांगण्यासाठी वापरलेला शब्द ही दुसरीच गोष्ट, आणि शब्दवहीत तिचीच नोंद होते.

घरात दोन-तीन भाषा असतील, म्हणजे आई मराठी, बाबा कानडी आणि पाळणाघरात हिंदी, तर सगळ्या भाषांतले शब्द मिळून मोजा. असं मूल नुसतं मराठीत मोजलं की उगाच मागे पडलेलं दिसतं. दोन भाषांमुळे बोलणं लांबत नाही. 'सध्या एकच भाषा बोला, तीही शाळेची' हा सल्ला पुण्यातही मिळतो आणि परदेशात राहणाऱ्या मराठी घरांना तर हमखास मिळतो. त्यावरून मराठी सोडू नका. आईबाबा ज्या भाषेत मोकळेपणाने चिडतात, लाड करतात, गोष्ट रंगवतात, त्याच भाषेतून मुलाला सगळ्यात भरघोस बोलणं ऐकायला मिळतं.

आता आकडे. चोवीस महिन्यांना पन्नासहून कमी शब्द, किंवा 'बाबा ये', 'दूध संपलं' अशा दोन शब्दांच्या जोड्या अजून नाहीत, आणि बाकीची वाढ मात्र व्यवस्थित, अशा मुलाला तज्ज्ञ उशिरा बोलणारं मूल म्हणतात. दोन वर्षांच्या साधारण १० ते १५ टक्के मुलांचं असं असतं. अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने २०२२ मध्ये मुलांच्या वाढीच्या टप्प्यांचा आपला तक्ता बदलला आणि त्यात ५० शब्दांचा टप्पा ३० महिन्यांवर ठेवला, म्हणून इंटरनेटवर दोन वेगळे आकडे दिसतात. नवा तक्ता ७५ टक्के किंवा त्याहून जास्त मुलांना त्या वयात जे जमतं त्यावर बेतलेला आहे. तो बघून आणखी सहा महिने थांबायचं ठरवू नका. दोन शब्दांच्या जोडीची अपेक्षा त्यातही २४ महिन्यांनाच आहे. उशिरा बोलणारी निम्म्याहून जास्त मुलं शाळेच्या वयापर्यंत बरोबरीला येतात. कुठलं मूल आपोआप येईल आणि कुणाला मदत लागेल, हे मात्र आधी खात्रीने सांगता येत नाही.

अंदाज बांधायला मदत करणारी चिन्हं असतात, आणि मुलाचा स्वभावही तिथेच सगळ्यात छान दिसतो. वहीच्या मागच्या बाजूने दुसरी नोंद सुरू करा: शब्दांवाचून मूल काय सांगतं. बोट दाखवण्याचे दोन प्रकार वेगळे लिहा. एक, 'मला ते हवंय' म्हणून दाखवलेलं. दुसरं, 'बघ, तिकडे विमान!' म्हणून, काहीही नको असताना दाखवलेलं आणि मग तुमच्या चेहऱ्याकडे वळून बघितलेलं. हे दुसरं बोट फार मोठी गोष्ट आहे. आपल्याला दिसलेली गंमत दुसऱ्यालाही दिसावी, ही ओढ त्यात आहे, आणि बोलणं याच ओढीतून येतं. मान हलवून 'नको' म्हणणं, तळवे उलटे करून 'संपलं' दाखवणं, बाहुलीला रिकाम्या चमच्याने भरवणं, रिमोट कानाला लावून फेऱ्या मारणं, आजोबांचा चष्मा लपवून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत बसणं, हे सगळं लिहा. चष्मा लपवणाऱ्या मुलाला विनोद कळतो. चपलांच्या जोड्या ओळीत लावून कुणाची कुठली ते बरोबर नेऊन देणाऱ्याचं निरीक्षण पक्कं असतं. अशा मुलाला 'मुखदुर्बळ' किंवा 'लाजाळू' म्हणून मोकळं होणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

समज तपासताना हातवारे टाळा. बोट न दाखवता, त्या वस्तूकडे न बघता 'बाबांचे मोजे आण' म्हणा. बऱ्याचदा मूल आपल्या नजरेवरून ओळखतं आणि आपल्याला वाटतं की शब्द कळला.

घरी करायच्या गोष्टींत पहिली म्हणजे प्रश्न कमी करणं. 'हे काय? तो कोण? मावशीला म्हणून दाखव ना' ही दिवसभर चाललेली तोंडी परीक्षा असते, आणि ज्याला शब्द सापडत नाही ते मूल त्यातून काढता पाय घेतं. एक प्रश्न विचारायचा तर त्याआधी तीन-चार साधी वाक्यं बोला. मूल जिकडे बघतंय त्याबद्दलच बोला: 'कुत्रा आला. कुत्रा बसला. शेपटी हलवतोय.' वाक्यं छोटी असावीत पण पूर्ण. 'कुत्रा शेपटी हलव' असली मोडकी भाषा नको.

दुसरी गोष्ट म्हणजे थांबणं, आणि मोठ्यांना हेच सगळ्यात जड जातं. चुरमुऱ्यांची घट्ट झाकणाची पारदर्शक बरणी मुलाच्या हातात द्या, त्याच्यासमोर जमिनीवर बसा, आणि मनात दहापर्यंत मोजत त्याच्याकडे उत्सुकतेने बघा. ते बरणी पुढे करेल, आवाज काढेल, तुमचा हात झाकणावर ठेवेल. काहीही केलं तरी 'उघड! उघडते हं' म्हणून लगेच उघडा आणि चारच चुरमुरे द्या, म्हणजे पुन्हा मागायची संधी येते. साबणाचे फुगे एकदा फुंकून थांबणं, झोका वर धरून 'एक, दोन…' म्हणून थांबणं, रोजच्या बडबडगीतातला शेवटचा शब्द आपण न म्हणणं, हेही तसंच. 'आधी पाणी म्हण, मग देईन' असं अडवणं मात्र नको. मूल रडतं, चिडतं, आणि त्या शब्दाशी त्याचं भांडण जडतं. दोनदा थांबा, तिसऱ्यांदा शब्द आपण म्हणून वस्तू देऊन टाका.

शब्द निवडताना प्राणी, फळं आणि रंगांच्या तक्त्यांमागे लागू नका. नुसत्या नामांनी जोड्या तयार होत नाहीत. दे, ये, उघड, अजून, नको, संपलं, पडलं, वर, माझं, गेलं असे दहा शब्द घ्या आणि महिनाभर तेच घोळवा. एकट्या 'उघड'ला दिवसभरात किती जागा आहेत बघा: डबा, दार, नळ, पिशवी, पुस्तक, छत्री, दात घासताना तोंड. एकच शब्द इतक्या ठिकाणी ऐकला की त्याचा अर्थ वस्तूपासून सुटा होतो. मूल 'गाडी' म्हणालं तर तुम्ही 'गाडी आली' म्हणा, 'अजून' म्हणालं तर 'अजून भात'. त्याच्या बोलण्यात एकच शब्द घालायचा, निबंध नको.

मोबाईलचं थोडक्यात सांगते. इंडियन अॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सच्या २०२१ च्या सूचनांप्रमाणे दोन वर्षांखाली स्क्रीन नको आणि दोन ते पाच या वयात दिवसाला एक तासाच्या आत. सुरुवात जेवणापासून करा. भरवताना पंधरा-वीस मिनिटं समोरासमोर बसणं होतं आणि ते दिवसातून तीनदा होतं. बोलायला त्याहून चांगली वेळ नाही.

श्रवणचाचणी टाळू नका. 'ताट पडलं की दचकतो, बेल वाजली की पळतो, त्याला ऐकू येतं' हा पुरावा अपुरा आहे. ताटाचा आवाज मोठा असतो. स, श, फ यांसारखे बारीक आवाज ऐकू येतात का, हा खरा प्रश्न. वारंवार सर्दी होणाऱ्या, तोंड उघडं टाकून घोरणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचलेलं असू शकतं. मग बोलणं बोट कानात घालून ऐकावं तसं दबकं पोचतं, आणि तेही कधी कमी, कधी जास्त. ओएई या ऐकण्याच्या चाचणीत कानात छोटी नळी ठेवतात, काही मिनिटांत होते. टिम्पॅनोमेट्रीत पडद्यामागचं पाणी कळतं. आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणाऱ्या बेरा चाचणीला मूल गाढ झोपलेलं लागतं, म्हणून आदल्या रात्री उशिरा झोपवून सकाळी लवकर उठवा आणि गाडीत डुलकी लागू देऊ नका. गरज पडली तर झोपेचं औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीच देतात.

मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला १९८३ पासून बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथे या तपासण्या होतात. जिल्ह्यांच्या ठिकाणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. या कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत तपासणीला येतात, त्यांना वही दाखवा. खासगी स्पीच थेरपिस्टकडे जाताना रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची नोंदणी आहे का, हे विचारायला संकोच नको. चांगला थेरपिस्ट तुम्हाला खोलीबाहेर बसवत नाही, काय करायचं ते दाखवतो, कारण आठवड्यातला एखादा तास त्याचा आणि बाकीचा सगळा वेळ तुमचा असतो.

वर्षाचं होऊनही मूल बोबडे आवाज काढत नसेल, बोट दाखवत नसेल, टाटा करत नसेल, सोळा महिन्यांना एकही शब्द नसेल, नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, तर दुसऱ्या वाढदिवसाची वाट बघू नका. आणि आलेले शब्द किंवा नजरेला नजर देणं कमी होत गेलं, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा, मग वय काहीही असो.

नातेवाइकांचे सल्ले काही टळत नाहीत. 'त्याचा बाबाही तीन वर्षांनी बोलला' हे ऐकून धीर येतो खरा, पण घरात कुणी उशिरा बोललेलं असणं हे लवकर तपासून घ्यायचं कारण आहे. मुलगे थोडे मागे असतात हे खरं, पण तो फरक लहान असतो. वेखंड उगाळून चाटवणं किंवा पोपटाचा उष्टा पेरू भरवणं, यांनी शब्द येत नाहीत, पोट मात्र बिघडू शकतं. जीभ चिकटलेली असेल तर काही उच्चारांना अडचण येऊ शकते, शब्दच न येण्याचं ते कारण नव्हे. कार्याला किंवा दिवाळीला मंडळी जमली की त्यांना काम द्या: 'त्याला बोल म्हणू नका, त्याच्यासोबत चेंडू खेळा आणि दर वेळी "घे" म्हणा.' माणसांना मदत करायची असते, कशी ते ठाऊक नसतं.

शब्द वाढू लागले की उच्चारांची काळजी सुरू होते. 'काका'चा 'ताता', 'गाडी'ची 'दादी' या वयात चालतं, र आणि ळ तर बरेच नंतर बसतात. 'नीट म्हण' म्हणू नका, आपण 'हो, काका आले' एवढं स्वच्छ म्हणा आणि पुढे चला. दिवसभर आईजवळ असलेला मुलगा 'मी जाते', 'मी आले' म्हणेल, कारण त्याने 'मी'च्या पुढे तेच ऐकलंय. हसू नका, मूल बोलायचं थांबतं. बाबांनी आणि आजोबांनी त्याच्यासमोर 'मी जातो', 'मी आलो' भरपूर म्हणावं. 'कुत्रा पडला, बाहुली पडली, पान पडलं' यातला शेवट जुळवायला लागणं ही वहीत तारखेसकट लिहायची गोष्ट आहे, तो व्याकरणाचा पहिला धडा मूल स्वतःचा स्वतः शिकलेलं असतं.

शंभरच्या आसपास शब्दांची नोंद ठेवणं हाताबाहेर जातं. तेव्हा मोजणं सोडा आणि रोजची सगळ्यात लांब तीन वाक्यं लिहा. महिन्यातून एकदा त्याच कोपऱ्यात, त्याच खेळण्यांसोबत पाच मिनिटांचा व्हिडिओ घ्या, त्यात 'बोल ना' एकदाही म्हणू नका. आणि एक पान थट्टेसाठी राखा: मांजराकडे बघून मुद्दाम 'भू भू' म्हणणं आणि तुमच्याकडे बघून खदाखदा हसणं, हे ज्या दिवशी घडेल, त्या दिवशीची नोंद सविस्तर करा.