भागीचं घोडं पाण्यात

‘भागीचं घोडं किवणानं मेलं’ ही म्हण आमच्या बोटीमागे पहिल्या दिवसापासून लागली आहे. बोट घेतली त्या संध्याकाळी बायकोने ती मला भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता ऐकवली. किवण म्हणजे जनावराच्या पाठीवरची चिघळलेली जखम. बसायला चौघं, पण पाठ बघायला कोणी नाही, असा तिचा सरळ रोख होता.

मालक चौघंच आहोत. नाना दिंडोरीकडचे द्राक्षबागायतदार. अण्णांची सगळी नोकरी नाशिकच्या सातपूरला, डिझेल इंजिनाच्या नोझल बनवणाऱ्या मायको कंपनीत झाली. पाटीवर बॉश आलं त्याला बरीच वर्षं झाली, पण नाशिककर अजून मायकोच म्हणतात, आणि सर्कललाही तेच नाव आहे. डॉक्टर दातांचे. चौथा मी, आयुष्यभर दुसऱ्यांची व्हाउचरं तपासलेला माणूस.

बोट मूळची कोकणातली, मुरुडच्या बाजूची. जुनी, फायबरची, 21 फुटी, पोटात दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन. समुद्रात वाढलेली ही बाई ट्रकवर बसून कसारा घाट चढली आणि समुद्रसपाटीपासून जवळपास 600 मीटर उंचीवर नांदायला आली. घाटाखाली चहाला थांबलो तर चहावाला ट्रककडे बघत म्हणाला, “यंदा एवढा पाऊस सांगितलाय काय?” आता ती एका धरणाच्या फुगवट्यावर असते. कुठल्या ते लिहीत नाही, आमच्या रविवारची शांतता तेवढ्यावरच टिकून आहे. परवान्याचे कागद माझ्याकडे असतात, त्यांची कहाणी कंटाळवाणी आहे.

डिझेलच हवं, हा अण्णांचा आग्रह. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती बोटीच्या तळाशी साठून बसते आणि एखाद्या ठिणगीची वाट बघते. डिझेल त्या मानाने सोशिक. नानांचं कारण साधं होतं. “शेतावर तीस वर्षं हँडल मारलंय. मला त्याच्या खोकल्यावरून कळतं त्याला काय झालंय.”

आणि खरंच कळतं. डिझेलच्या इंजिनाला ठिणगीचा प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा इतकी दाबायची, साधारण सोळाव्या-अठराव्या हिश्शापर्यंत, की ती दाबानेच तापते आणि आत उडालेलं डिझेल आपोआप पेटतं. पण डिसेंबरात निफाडकडे पारा चार-पाच अंशांच्या गोष्टी करू लागला की इथलं इंजिनही गारठतं. दाबाने आलेली ऊब थंड लोखंडच गिळून टाकतं. मग नाना डिकॉम्प्रेशनची कळ वर करतात, म्हणजे दाब सुटून हँडल हलकं फिरतं. उजव्या हाताने फिरवत फिरवत वेग घेतात, श्वास रोखतात आणि डाव्या हाताने कळ खाली पाडतात. एक धक्का, एक पांढरा ढग, आणि मग धक् धक् धक्. काठावरचे बगळे उडतात. डॉक्टर दर वेळी टाळ्या वाजवतात.

ज्या माणसाचं नाव या इंजिनाला मिळालं, तो रुडॉल्फ डिझेल 29 सप्टेंबर 1913 च्या रात्री इंग्लंडला जाताना ‘ड्रेस्डेन’ नावाच्या बोटीवरून नाहीसा झाला. रात्री केबिनकडे गेला तो सकाळी दिसलाच नाही. प्रेत नंतर समुद्रात सापडलं. बोट वाफेवर चालणारी होती. अण्णांनी हे सांगितलं तेव्हा आम्ही पाण्याच्या मधोमध होतो. डॉक्टरांनी मुकाट्याने लाइफ जॅकेटचा पट्टा लावला.

आता ग्लँडची गोष्ट. बोट ढकलणाऱ्या पंख्याचा शाफ्ट बोटीच्या बुडातून बाहेर जातो, म्हणजे बोटीला एक भोक मुद्दाम पाडलेलं असतं. शाफ्टभोवती त्या जागी ग्रीस लावलेली दोरी वेटोळ्यांनी भरतात आणि वरून नट आवळून ती दाबतात. शेतावरच्या पंपाला असते तीच ग्लँड दोरी. गंमत अशी की ती पूर्ण बंद करायची नसते. पंखा फिरत असताना मिनिटाला दोन-तीन थेंब आत पडलेच पाहिजेत. त्याच पाण्याने शाफ्ट गार राहतो. मुरुडच्या तांडेलाने बोट ताब्यात देताना बजावलं होतं, “टिपकू द्या तिला.”

पण घरचा नळ टिपकला तरी ज्याला झोप लागत नाही, त्या माणसाला हे पटायचं कसं? डॉक्टरांनी एका शनिवारी पाव आटा आवळला. दुसऱ्या दिवशी मी गेलो, बुडात पाणी दिसलं, मनात म्हटलं जरा ढिलं झालंय, पाव आटा. बुधवारी नाना आले होते. ते पंपाचे जुने जाणकार, त्यांना ग्लँड कशी असावी हे ठाऊक, पण शाफ्टवर लालसर गंज दिसला आणि हात राहवेना. पाव आटा. कोणी कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात होतं काय?

पुढच्या रविवारी फुगवट्याच्या मध्यावर वास आला. जळक्या चामड्याचा आणि तेलाचा एकत्र. इंजिनाचा आवाज दबल्यासारखा झाला. अण्णांनी फळी उचलून आत हात नेला आणि चटका बसून मागे घेतला. इंजिन बंद केलं. थोड्या वेळाने पान्याने नट सैल केला तेव्हा पहिला थेंब पितळेवर पडून चर्र झाला आणि वाफ होऊन गेला. तव्यावर पाण्याचा शिपका मारावा तसा. नंतर उघडून पाहिलं तर शाफ्टला नखाला लागेल अशी खाच पडली होती. तो अंबडला लेथवर नेऊन उतरवून घ्यावा लागला आणि खर्च चार भागांत वाटला. पण त्याआधी दीड तास आम्ही एकुलतं एक वल्हं आळीपाळीने मारत काठाला आलो. नाना त्या दीड तासात एकच वाक्य बोलले, “चार मालक आहेत म्हणून बरं, एक असता तर हात गळून मेला असता.”

त्या रात्री तोडगा काढायला बसलो तेव्हा तेलाचंही उघडं पडलं. प्रत्येक जण आला की डिपस्टिक काढून बघायचा. वाऱ्यावर हलणारी बोट, कोणीतरी मागच्या बाजूला बसलेलं, इंजिन नुकतंच बंद केलेलं. अशा वेळी काडीवर तेल कमीच दिसणार. मग प्रत्येकाची अर्धी वाटी. तेल वरच्या खुणेच्याही वर गेलं, क्रँक ते घुसळून फेस काढू लागला आणि नळकांड्यातून निळा धूर येऊ लागला. त्या धुराचं निदान आम्ही महिनाभर ‘पिस्टनच्या रिंगा गेल्या’ असं करत होतो. अण्णांनी जवळजवळ दीड लिटर तेल काढून डब्यात घेतलं. (डबा घरी आणला. तिथलं पाणी पुढे कोणाच्या तरी नळाला जातं, त्यामुळे तेलाचं बोटही तिथे धुवायचं नाही, हा आमच्यातला एकच नियम आहे जो कधी मोडला नाही.)

म्हणजे म्हणीत सांगितलं तसं आमचं घोडं किवणानं मरत नव्हतंच. चौघं चार बाजूंनी खरारा करत होतो, त्या खराऱ्यानेच ते मरायला टेकलं होतं.

मग वही आली. दोनशे पानी, पुठ्ठ्याची, प्लॅस्टिकच्या पिशवीत. रकाने मी आखले, हा हात व्हाउचरांवर पोसलेला. तारीख, इंजिन किती तास चाललं, तेल, डिझेल, मिनिटाला थेंब, नाव. कामंही वाटली. ग्लँड आणि इंजिन अण्णांचं. दोऱ्या नानांच्या, कारण धरणाचं पाणी एका जागी राहत नाही. मे महिन्यात काठ चिखलातून शेकडो फूट मागे जातो आणि पावसाळ्यात बोट बांधलेलं झाडच पाण्यात उभं असतं. खाली नाशकात पूर किती आला ते लोक गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला, छातीला मोजतात. नाना वर बसून दोरीच्या गाठींवर मोजतात. डॉक्टरांकडे इंजिन गार ठेवायला पाणी आत येतं त्या वाटेवरच्या जाळीचं काम. तिच्यात शेवाळ आणि वेफर्सची पाकिटं अडकतात, ते कोरून काढणं त्यांच्या धंद्याला जवळचं आहे.

वहीत लवकरच टोमणे सुरू झाले. नानांची एक नोंद: ‘टाकी अर्धी. कोणी ठेवली ते टाकीला माहीत.’ मी ठेवली होती. पावसाळ्याआधी टाकी भरून ठेवायची असते, नाहीतर रिकाम्या भागातल्या दमट हवेचं पाणी होऊन डिझेलखाली बसतं. महिनाभराने फिल्टरच्या काचेच्या वाटीत तळाशी बोटभर पाणी निघालं. अण्णांनी ती वाटी उजेडात धरून मला दाखवली. वर पिवळसर डिझेल, खाली स्वच्छ पाणी, मध्ये सरळ रेघ. ज्या माणसाने मिलिमीटरच्या अंशाएवढ्या भोकांच्या नोझल हाताळण्यात आयुष्य काढलं, त्याला त्या पाण्याने काय वाटलं असेल! बोलले काहीच नाहीत. वहीत लिहिलं: ‘पाणी. 1 बोट.’ डॉक्टरांची नोंद त्याहून आखूड होती: ‘थेंब मोजले नाहीत. घाई.’

गेल्या गुरुवारी एकटाच गेलो. इंजिन लावलं, बोट दोरीला ताणून ठेवून पंखा हळू फिरवला, फळी उचलली, टॉर्च धरला आणि घड्याळावर थेंब मोजू लागलो. एक. बराच वेळ काही नाही. दोन. तीन. चौथा पडता पडता राहिला, आणि साठावा सेकंद उलटल्यावर पडला. तो धरायचा की नाही? वहीत ‘3’ लिहिलं, खोडलं, ‘साडेतीन’ लिहिलं. मग हात आपसूक पान्याच्या जागेकडे गेला. नुसता बघायला, आवळायला नाही.

पाना नव्हता. पेटी पालथी केली, फळ्यांखाली पाहिलं. शेवटी वहीच्या मागच्या पानावर अण्णांचं बारीक अक्षर सापडलं: ‘32 चा पाना घरी नेला आहे. सगळ्यांवर विश्वास आहे, तरी.’