तुम्ही विचारलंत म्हणून: हे पीस कुणाचं?

हर्णैच्या किनाऱ्यावर फिरून आलेली माणसं आमच्या अंगणात थांबतात, रुमालात जपलेलं पीस काढतात आणि विचारतात, "हे कुणाचं हो?" मी "पारव्याचं" म्हणाले की चेहरा उतरतो. मग पुढचा प्रश्न ठरलेला: "एवढ्याशा पिसावरून कसं ओळखलंत?"

परवा शेजारची चौथीतली मुलगी कनकदुर्ग किल्ल्याच्या पायऱ्यांवरून एक पीस घेऊन आली. निळसर राखाडी, तिच्या तळहातावर जेमतेम मावणारं. टोकाकडे बोटाच्या रुंदीचा काळा पट्टा आणि त्याच्याही पुढे, अगदी शेवटी, राखाडीची बारीक कड. हे पारव्याच्या शेपटीचं. शेपटीत अशी बारा पिसं असतात. उतरताना पारवा शेपटी पसरतो तेव्हा हे पट्टे जुळून काळी कमान दिसते. तिच्या पिसाचा दांडा जवळजवळ मधोमध होता, म्हणजे ते शेपटीच्या मधल्या भागातलं. अगदी कडेचं असतं तर बाहेरच्या बाजूला पांढुरकी किनार दिसली असती. पारव्याच्याच कुळातल्या होल्याच्या शेपटीच्या कडेची पिसं काळपट असतात आणि टोकाला चांगली पांढरी, त्यामुळे तिथे घोळ होत नाही.

पंखाच्या टोकाची लांब पिसं मात्र फसवतात. त्यांवर पट्टा नसतो, नुसता राखाडी रंग टोकाकडे गडद होत जातो. लोक ती कुरवाची (म्हणजे सीगलची) किंवा बगळ्याची म्हणून आणतात. मी लांबी बघते: पारव्याचं सगळ्यात मोठं पीसही वीतभराच्या आतच असतं. मोठ्या कुरवाचं किंवा राखी बगळ्याचं त्याहून कितीतरी लांब.

आणखी एक खूण मला फार आवडते. कोरडं पीस मी काळ्या छत्रीवर हलकेच घासते. पारव्याच्या अंगावरची काही पिसं सतत झिजून त्यांची भुकटी होते आणि ती साऱ्या पिसाऱ्यावर पसरते. छत्रीवर फिकट धूळ उमटते. खिडकीच्या काचेवर आपटलेल्या पारव्याचा पंखांसकट ठसा उरतो, तो याच भुकटीचा. पावसात भिजलेल्या पिसावर ही परीक्षा चालत नाही.

एकटंच, देठासकट शाबूत पीस बहुधा झडलेलं असतं. मूठभर पिसं एकाच जागी दिसली तर शिक्रा किंवा बहिरी ससाणा जेवून गेला असं समजावं. देठ चावून तुटलेले असतील तर मांजर किंवा मुंगूस.

२०२५ मध्ये मुंबईत कबुतरखाने बंद करण्यावरून वाद पेटला, तेव्हापासून काहीजण पीस लांबूनच दाखवतात. विष्ठेची आणि पिसांची धूळ रोज श्वासात जाणं वाईटच, त्याने फुप्फुसं खराब होतात. पण वाळूतलं एक पीस उचललं म्हणून घाबरू नका. हात साबणाने धुवा, पीस ठेवायचं असेल तर तेही धुवा.

चेहरा उतरतो त्याचं मला खरंच वाईट वाटतं. पारवा मुळात कड्यांचा पक्षी, समुद्राकाठच्या कपारींत घरटं करणारा. जगभरातली पाळीव कबुतरं याच रानपारव्यापासून झाली, हे डार्विनने १८५९ साली मांडलं. शहरातल्या इमारती त्याला कड्यांसारख्या वाटल्या म्हणून तो तिथे गेला. इथे समोर सुवर्णदुर्गाच्या तटावरून, खाली लाटा फुटत असताना पारव्यांचा थवा उठतो, तेव्हा तो आपल्या जुन्या घरी असतो. हे सांगितलं की काहीजण पीस पुन्हा रुमालात गुंडाळतात.

त्या मुलीने छत्रीवरची धूळ बोटाने पुसली, नाकाशी नेली. "मावशी, याच्या शेजारचं कधी पडेल?" शेपटीची पिसं एकदम झडत नाहीत, थोडी थोडी झडतात, असं मी सांगितलं. मग आम्ही दोघी पुन्हा कनकदुर्गाच्या पायऱ्यांकडे निघालो.